गाडी सुरू होईपर्यंत

आई, आपली वाडी होती तिथे आता जमिनीखाली स्टेशन आहे. तू असताना लोक नुसतं म्हणायचे की कधीतरी गिरगावातून रस्त्याच्या खालून गाडी जाणार, आणि तू हसायचीस. आता ती जाते. सकाळपासून रात्रीपर्यंत दर थोड्या वेळाने, आपल्या चौकात नळ होता त्याच्या बरंच खाली, थंडगार आणि लखलखीत. ती कुठून जावी हे ठरवणाऱ्या कचेरीत मी नोकरीला होते, हे तुला माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मी पुलांची आणि नाल्यांची ड्रॉइंगं करत होते. त्यानंतरचं सगळं तुला सांगायचं राहून गेलंय, आणि त्यातलं दादाचं सांगितल्याशिवाय मला आज राहवत नाही.

दादाला तू ज्या अवस्थेत सोडून गेलीस त्याच अवस्थेत तो पुढे कितीतरी वर्षं होता. त्याहून बरा झाला नाही, पण बिघडलाही नाही. गोळ्या वेळेवर घ्यायचा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला त्याच्या डोक्यात जे आवाज सुरू झाले ते पूर्ण कधीच थांबले नाहीत, पण तो म्हणायचा, आता ते शेजारच्या बिऱ्हाडातल्या रेडिओसारखे येतात, मी लक्ष देत नाही. वाडीच्या बाहेर मात्र तो पडला नाही. सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या सगळ्या बायकांच्या कळश्या भरून द्यायच्या, मग कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये बसून पेपर वाचायचा, मग हॉटेलवाल्याकडे चहा, आणि दुपारी गॅलरीत कठड्याला टेकून कुणाशीतरी, म्हणजे कुणाशीच नाही, हळू आवाजात बोलत बसायचं. कुणी हसलं नाही कधी. वाडीतली निम्मी पोरं तू प्रसूतिगृहात नोकरीला असताना पहिल्यांदा आंघोळ घातलेली, त्यांच्या आयांना तू रात्र रात्र पाठ चोळून दिलेली. दादाला सांभाळणं हे कुणाला सांभाळणं वाटतच नसे. तो जिन्यात दिसला नाही तर तीन दारांतून हाक यायची, "दादा खंय गेलो?"

शेवटच्या दिवसांत तू मला म्हणाली होतीस, "वाडी आसा, तू आसस. माका कसली काळजी नाय." तू वाडीचं नाव आधी घेतलंस. तेव्हा मला जरा लागलं होतं. आता कळतं की तू बरोबर क्रम लावला होतास.

मला तुझी ती एकच खोली फार आठवते. ओटा, त्याला लागून मोरी, आणि मधल्या जागेत मांडलेला माझा ड्रॉइंग बोर्ड. तो बोर्ड तू प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाईंच्या मुलाचा जुना मागून आणलास, पदरात गुंडाळून, जिन्यावर कुणी विचारलं तर "माझ्या पोरीचो पाट" असं सांगत. तू वाटण वाटायला बसलीस की बोर्ड हलायचा. मग तू वरवंटा धरून थांबायचीस. "रेघ ओढून झाली काय सांग, मगे वाटतंय." मी रेघ ओढते आहे, तू ओल्या खोबऱ्याचे हात तसेच अधांतरी धरून बसली आहेस, आणि दादा दारात उभा राहून आपल्या दोघींकडे बघतो आहे. एकदा परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तो सारखा भिंतीशी बोलत होता आणि मी ओरडले, "गप्प बस ना रे, वेड्या!" तू मला हाताला धरून गॅलरीत नेलंस. मारलं नाहीस. "ह्यो शबुद परत ह्या घरात काढू नको," एवढंच म्हणालीस, आणि त्या रात्री माझ्याशी बोलली नाहीस. तो शब्द मी परत काढला नाही, आई. पण पुढे इतर लोकांनी काढला तेव्हा मी त्यांना गॅलरीत नेऊ शकले नाही.

भुयारी मार्गाचं काम आमच्याकडे आलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. शहराच्या या टोकाकडून त्या टोकाकडे माणसं कशी जातात हे मी इतकी वर्षं कागदावर मोजत आले होते. गिरगावात वरून काही नेणं शक्यच नव्हतं. रस्ता एवढासा, दोन्ही बाजूंनी चाळी एकमेकींच्या अंगावर आलेल्या. खालून जायचं तर खूप खोल जायचं, दगडातून. भुयार कुणाच्या घराला हात न लावता जातं, पण स्टेशन तसं होत नाही. स्टेशनाला जिने लागतात, आत हवा खेळवायला मोठी धुराडी लागतात, यंत्रं खाली उतरवायला खड्डा लागतो. हे सगळं त्या चिंचोळ्या रस्त्यात मावत नव्हतं. बाजूची जागा घ्यावी लागणार होती, आणि बाजूला म्हणजे घरं.

आधी जमीन तपासायला बोअरिंगचं यंत्र आलं. आपल्या वाडीच्या तोंडाशीच त्यांनी ते लावलं. खालून दगडाचे लांब गोल तुकडे निघत आणि लाकडी खोक्यांत ओळीने मांडून ठेवले जात. दादा रोज तिथे जाऊन उभा राहायचा. त्याला त्या तुकड्यांना हात लावू देत. एक दिवस घरी आल्यावर त्याने मला विचारलं, "आपल्या खाली एवढा मोठा काळा दगड आहे?"

"आहे."

"पहिल्यापासून?"

"हो. आपण यायच्या कितीतरी आधीपासून."

त्याने अंगठ्याने फरशी दाबून पाहिली. मग म्हणाला, "मग मला हलल्यासारखं का वाटतं?" मी हसले. तोही हसला. हे मी मुद्दाम सांगते, कारण तो अशा गोष्टींवर हसू शकायचा हे आता कुणाला खरं वाटणार नाही.

स्टेशनाच्या जागेचा नकाशा पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा मी मीटिंगमध्ये मागच्या खुर्चीवर होते. जायच्या इमारती लाल तिरक्या रेघांनी भरल्या होत्या. आपली इमारत मी आकारावरूनच ओळखली, मागच्या बाजूला संडासांसाठी पुढे आलेला तो चौकोन. मीटिंग संपल्यावर मी साहेबांना सांगितलं, "सर, हे माझं घर आहे." ते चपापले. भला माणूस होता. म्हणाले, "मग मॅडम, या स्टेशनाच्या चर्चेला तुम्ही बसू नका. उगाच उद्या कुणी बोट दाखवायला नको." मी बसले नाही. पण घरी स्वयंपाक-जेवण उरकलं की त्याच जुन्या बोर्डावर कागद लावून मी स्टेशन फिरवून पाहायचे. जिना इकडे, धुराडं तिकडे, खड्डा थोडा दक्षिणेला. बरेच आठवडे मी तेच केलं. शेवटी एक रचना जमली. आपली इमारत सुटत होती. मी ती गुंडाळी घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

त्यांनी ती टेबलावर पसरली, कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवले, आणि खरंच नीट पाहिली. गॅसची लाइन, पावसाच्या पाण्याचा मोठा नाला, सगळं मी धरलं होतं. मग त्यांनी पेन्सिलीचं टोक एका जागी टेकवलं.

"तुमची रेघ चुकलेली नाही. जमू शकतं हे. पण मग ही समोरची चाळ जाते. तिथे तुमच्यापेक्षा जास्त बिऱ्हाडं आहेत."

मी म्हटलं, "सर, माझा भाऊ आजारी आहे. तो दुसरीकडे राहू शकणार नाही."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "मॅडम, समोरच्या चाळीतही कुणाचा तरी भाऊ असेल. मी त्याला ओळखत नाही एवढंच."

मी कागद गुंडाळला. समोरच्या चाळीत खरंच होती एक, पहिल्या मजल्यावरची आजी, जी खिडकीतून दिवसभर रस्त्याला शिव्या घालायची. तुला आठवत असेल ती. तिला कुठे नेलं असतं? त्या दिवशी मी कचेरीतून चालत घरी आले आणि वाटेतल्या प्रत्येक इमारतीकडे पाहत आले.

पुढे तेच साहेब म्हणाले, तुम्ही तिथल्याच आहात, लोक तुमचं ऐकतील, आणि घरं हलवण्याच्या कामावर माझी नेमणूक झाली. चौकात सतरंज्या घातल्या होत्या. मी माइक न घेता बोलले. सगळ्यांना तात्पुरती घरं मिळतील, आणि इथेच, याच जागेवर, नवीन इमारतीत परत आणलं जाईल. शेजारच्या काकू पुढेच बसल्या होत्या, तुझ्या जिवाभावाच्या, ज्यांच्याकडे तू साखर मागायला कधीच गेली नाहीस कारण त्या मागायच्या आधीच आणून द्यायच्या.

"इथेच ना गो, बाय?" त्यांनी विचारलं.

"इथेच, काकू."

"कधी?"

"काही वर्षं लागतील."

"आमचा जाऊंदे. दादाक काय सांगतलस?"

सगळा चौक माझ्याकडे बघत होता. दादा जिन्याच्या पायरीवर बसला होता. मी म्हटलं, "सांगेन."

डॉक्टर म्हणाले, एकदम हलवू नका, आधी सवय करा. आम्हाला दादरला एका टॉवरमध्ये खूप वरची खोली मिळाली होती, दोन खोल्या खरं तर, तुझ्या डोळ्यांनी पाहिलं तर महाल. रविवारी मी दादाला टॅक्सीने तिथे नेऊ लागले. वाडीबाहेर पडायलाच पहिल्यांदा अर्धा दिवस गेला. तो कोपऱ्यापर्यंत यायचा आणि परत फिरायचा. शेवटी सलूनवाला दुकान बंद करून आमच्याबरोबर टॅक्सीत बसला, म्हणून दादा बसला. वर गेल्यावर त्याने दोन्ही खोल्या पाहिल्या, नळ सोडून पाहिला, मग मुख्य दार उघडून बाहेरच्या बंद दारांकडे बघत उभा राहिला.

"इथे गॅलरी कुठे आहे?"

"इथे नसते, दादा."

"मग लोक कुठे उभे राहतात?"

असे बरेच रविवार गेले. मग एके दिवशी त्याने स्वतःच विचारलं, "किती दिवस राहायचं तिथे?" मी म्हटलं, "काम होईपर्यंत." तो म्हणाला, "म्हणजे गाडी सुरू होईपर्यंत?" मी म्हटलं, "हो." आमच्या वेळापत्रकात तेव्हा तसंच होतं, आई. गाडी आणि इमारत जवळजवळ बरोबरच. मी त्याला खोटं सांगितलं नाही. तो म्हणाला, "चालेल. तेवढं राहू."

निघायच्या दिवशी काकूंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या आपल्या मुलाबरोबर दूर, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेल्या. सलूनवाला गावी गेला. हॉटेलवाल्याने कायमचंच मिटवलं. मी हजर असताना आपली इमारत पाडली. मी हेल्मेट घालून उभी होते आणि आपल्या खोलीची आतली भिंत एकदम उन्हात आली. तू लावलेला निळा रंग. ओट्याच्या वर फोडणीच्या धुराने काळा झालेला पट्टा तसाच होता. बाजूला उभा असलेला कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "मॅडम, धूळ आहे, मागे व्हा."

पहिली वर्षं दादा टिकला, कारण त्याला वाट बघायला काहीतरी होतं. मी फ्रिजवर मार्गाचा नकाशा चिकटवला. कचेरीतून आले की तो विचारायचा, यंत्र आज कुठे आलं, आणि मी सांगायचे, तो लाल पेन्सिलीने तेवढं रंगवायचा. यंत्र कसं पुढे दगड कुरतडतं आणि मागे काँक्रीटच्या तुकड्यांची गोल भिंत जोडत जातं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं समजावून सांगता येत होतं. ते आपल्या वाडीखालून गेलं त्या आठवड्यात त्याने गोड करायला सांगितलं. मी शिरा केला. काकूंचा फोन यायचा दर शनिवारी. "दादा जेवलो?" एवढंच विचारायच्या, मग त्याच्याशी बोलायच्या. तो फोन कानाला लावून, उभा राहून, "हो काकू, होत आलं काम. आता थोडंच राहिलं," असं सांगायचा.

काकू गेल्या. त्यांच्या मुलाने कळवलं की शेवटी शेवटी त्या रोज पिशवी भरून दारात बसायच्या. मी दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "थांबायला हवं होतं त्यांनी. आता थोडंच राहिलं."

आणि गाडी सुरू झाली. टीव्हीवर फुलं लावलेला डबा दाखवला. दादा तो पाहता पाहता उठला, आत गेला, आणि कपड्यांची बॅग घेऊन बाहेर आला. आपल्या जागेवर तेव्हा इमारतीचा फक्त पाया होता, आई. पत्र्याच्या कुंपणामागे लोखंडी सळ्या वर आलेल्या, आणि पाणी साचलेलं. निविदा परत काढायची होती, काही परवानग्या अडकल्या होत्या. हे सगळे शब्द मला पाठ आहेत, मीच ते कित्येक वर्षं लोकांना सांगत आले. दादासमोर मला त्यातला एकही बोलता येईना.

"गाडी सुरू झाली ना?"

"झाली."

"मग?"

"इमारत अजून व्हायचीय, दादा."

"पण आपलं ठरलं होतं गाडी सुरू होईपर्यंत."

मी म्हटलं, चल, तुला दाखवते. मला वाटलं, डोळ्यांनी पाहिलं की त्याला पटेल. आम्ही दादरला खाली उतरलो. नवी कोरी फरशी, लोक फोटो काढत होते, एक बाई तिच्या सासूला हाताला धरून सरकत्या जिन्यावर चढायला शिकवत होती. ज्या माणसाला कोपऱ्यापर्यंत न्यायला मला अर्धा दिवस लागायचा, तो कुणाकडे न बघता गाडीत जाऊन बसला. काचेबाहेर काळोख पळत होता. त्याने हात माझ्या हातावर ठेवला. "हे सगळं तू केलंस," तो म्हणाला. मी म्हटलं, खूप लोकांनी केलं. आपल्या स्टेशनाचं नाव पुकारल्यावर तो सगळ्यांत आधी उठला. सरकत्या जिन्याच्या तोंडाशी मात्र थबकला, मागून कुणीतरी म्हणालं, "चला ना काका," तसा त्याने डोळे मिटून पाय टाकला.

वर आलो. ऊन होतं. त्याने कुंपणाकडे पाहिलंच नाही. तो मान वर करून बघत होता, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, जिथे काहीही नव्हतं. मग बोट दाखवून म्हणाला, "तिथे." मी त्याच्या बोटाच्या रेषेत पाहिलं. रिकामं आकाश होतं, आणि कुठल्या तरी लांबच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. "तिथे आपलं दार होतं," तो म्हणाला. त्याचा हात खाली येईना. शेवटी मीच तो धरून खाली आणला.

दुसऱ्या दिवसापासून तो एकटा जाऊ लागला. मी त्याला प्रवासाचं कार्ड करून दिलं होतं, काय करणार, घरात बसवत नव्हतं त्याच्याने, आणि खरं सांगायचं तर तो बाहेर पडतोय याचं मला आधी बरंच वाटलं. सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा. दिवसभर काय करतो ते नंतर कळलं. स्टेशनात तिकिटांच्या यंत्रांपलीकडे एक जागा त्याने स्वतःच ठरवली होती, तिच्या बरोबर वर आपली खोली होती म्हणे. तिथे फरशीवर बसायचा. सुरक्षारक्षक उठवायचे. तो उठून उभा राहायचा, ते गेले की परत बसायचा. जेवायचं राहून जायचं. गोळ्या चुकायला लागल्या. आवाज परत वाढले, आणि आता ते शेजारच्या बिऱ्हाडातून येत नव्हते, कारण शेजारचं बिऱ्हाडच नव्हतं.

एका दुपारी मला कचेरीत फोन आला. स्टेशनावर एक तरुण मुलगी अधिकारी होती, पूर्वी माझ्या हाताखाली शिकलेली. "मॅडम, तुमचे बंधू इथे आहेत. तुम्ही लगेच या." कर्मचाऱ्यांसाठीचं एक दार उघडं राहिलं होतं, त्यातून तो आत शिरला होता, बोळातून, यंत्रांच्या खोल्यांमधून, भुयाराच्या बाजूला उतरणाऱ्या जिन्यापर्यंत. त्यांना गाड्या थोडा वेळ थांबवाव्या लागल्या. मी पोचले तेव्हा तो प्लास्टिकच्या खुर्चीवर पाणी पीत बसला होता, दोन्ही कोपरं खरचटलेली, शर्टाचं बटण तुटलेलं. मला बघून त्याला बरं वाटलं.

"हे लोक आपल्या जिन्याला कुलूप का लावतात गं?"

ती मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, या वेळी मी निभावून नेते. परत झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिचे आभार मानले. अशा जिन्यांची ड्रॉइंगं वाचायला मीच तिला शिकवलं होतं.

त्यानंतर मी बाहेरून कुलूप लावून कामावर जाऊ लागले. हे मी तुला सरळ लिहिते आहे. मी दाराला कुलूप लावायचे आणि लिफ्टची वाट बघत उभी असताना आतून तो शांतपणे विचारायचा, "तू गेलीस का?" पहिले काही दिवस शांतपणे. मग दारावर थापा. मग ओरडणं. सोबतीला माणसं ठेवून पाहिली, कुणी टिकलं नाही, एकाला त्याने ढकललं. समोरच्या फ्लॅटमधली बाई दारात येऊन अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, राग मानू नका. आमच्याकडे लहान मुलं आहेत. ती घाबरतात हो, त्या वेड्…" आणि थांबली. मी मान डोलावून दार लावलं. वाडीत एकही लहान मूल त्याला घाबरत नव्हतं. पण या बाईचं चुकलं असंही मला म्हणवत नाही. तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं की हा कुणाचा मुलगा आहे.

मी लग्न केलं नाही ते दादामुळे नाही, हे तुला माहीत आहे, तरी लोक तसंच समजतात. आता माझे गुडघे गेलेत, एकाचं ऑपरेशन लांबवते आहे. डॉक्टरांनी मागच्या खेपेला त्याला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "तुमच्यानंतर कोण?" मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मी वाडी म्हणणार होते. खरंच, ओठांपर्यंत आलं होतं. आम्ही सर्वेक्षण केलं तेव्हा भिंती मोजल्या, खोल्या मोजल्या, प्रत्येक घरात किती माणसं ते लिहिलं, त्यांना तेवढ्याला तेवढी जागा दिली. ते चोख होतं. पण तो हरवला की तीन दारांतून येणारी हाक कुठल्या रकान्यात लिहायची, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही, मलासुद्धा नाही, आणि मी तर तिथेच वाढले होते. लोकांना गाडी हवी होती, आई. तिच्यातून आता रोज जी माणसं बसून जातात त्यांचे चेहरे मी पाहते, आणि गाडी नको होती असं मला आजही म्हणता येत नाही. हेच मला सर्वांत जड जातं. रागवायला कुणी मिळालं असतं तर बरं झालं असतं.

पनवेलच्या पुढे एक केंद्र आहे, दादासारख्यांसाठी. मी जाऊन पाहून आले. फणसाची झाडं आहेत, स्वच्छता आहे, तिथले लोक माणसांशी नीट बोलतात. दारं मात्र संध्याकाळी बंद होतात. परत कधी आणता येईल असं विचारलं तर तिथल्या बाई म्हणाल्या, "ते नंतर बघू. काही जण रुळतात." मी होकार देऊन आले. उद्या सकाळी भाड्याची गाडी सांगितली आहे.

आज दुपारी मी त्याला सांगायला बसले. "दादा, उद्या सकाळी आपल्याला निघायचंय," एवढं म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांत तो माझ्या डोळ्यांत बघून बोलला नव्हता.

"झालं काम?"

मी त्याच्या शर्टांच्या घड्या घालत होते. घालत राहिले. त्याने माझ्या गप्प बसण्याचा त्याला हवा तो अर्थ घेतला. उठला, दाढी केली, केस विंचरले, आणि मला म्हणाला, "कुलूप काढ, खाली सांगून येतो." मी काढलं. त्याच्यामागून खाली गेले. तो वॉचमनसमोर उभा राहून सांगत होता की उद्या आम्ही चाललो, गिरगावात, दुसरा मजला, कधीही या, चहा प्यायला या, कुणालाही विचारा, दाखवतील. वॉचमनने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही. मी त्याच्याकडे बघून हसले, आणि तोही दादाला म्हणाला, "येणार, काका, नक्की येणार."

आता तो आत गाणं गुणगुणतोय. हे लिहून झालं की हा कागद मी फाडून टाकणार आहे, त्याच्या हाती लागायला नको. सकाळी गाडीत बसल्यावर, खाडीचा पूल ओलांडल्यावर कधीतरी, त्याला कळेलच. मी अजूनही उठून आत जाऊन त्याला सांगू शकते. पण, आई, तुला म्हणून सांगते, तो वॉचमनशी बोलत होता तेव्हा त्याचा चेहरा बघून मलाही घटकाभर वाटलं की आपण घरीच चाललोय. आणि मला फार बरं वाटलं.